भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबी : दोन खेपांच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२३

भोर तालुक्यातील आमच्या घरामागे जुन्या गोठ्याची दहा बाय बारा फुटांची कौलारू खोली दोन वर्षांपासून रिकामी आहे, आणि गुरे विकल्यापासून भाताचा पेंढाही गंजीवर पडून राहतो. या दोन्हींचा उपयोग व्हावा म्हणून धिंगरी अळिंबीची पहिली खेप घेण्याचे ठरवले आहे. रोज रात्री वहीत जे लिहीन, त्यातले दुसऱ्याच्या उपयोगी पडेल तेवढे येथे उतरवीन. खर्च आणि चुका जशा घडतील तशाच लिहीन, कारण प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये नेमके तेच नसते.

प्रशिक्षणात एक गोष्ट सांगितली होती ती आधी लिहून ठेवते. अळिंबीला तोंड नाही आणि पोटही नाही. तिचे तंतू अन्नाच्या आत शिरतात, पाचक रस बाहेर सोडतात, आणि बाहेरच पचून पाण्यात विरघळलेले अन्न तंतूंच्या आवरणातून शोषून घेतात. आपण जेवण पोटात नेतो, ती आपले पोट जेवणात नेते, अशी मी तेव्हा मनाशी खूणगाठ बांधली.

आजवरचा खर्च असा : स्पॉन (धान्याच्या दाण्यांवर वाढवलेले अळिंबीचे बियाणे) २ किलो २४० रुपये, प्लॅस्टिकच्या पिशव्या १०० रुपये, तापमापक २५० रुपये, सुतळी आणि नायलॉन दोरी ९० रुपये. ड्रम व सरपण घरचेच आहे.

४ आणि ५ नोव्हेंबर

नवा पेंढा अजून शेतात असल्याने मागील वर्षाच्या गंजीचा २० किलो घेतला. कोयत्याने बोटभर ते वीतभर तुकडे केले, रात्रभर भिजवले, आणि दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात तासभर बुडवून ठेवले. पेंढ्यातले जंतू व बुरशा मारण्यासाठी फॉर्मॅलिन आणि कार्बेन्डाझिम या रसायनांच्या पाण्यात अठरा तास भिजवण्याचीही पद्धत आहे व तिला सरपण लागत नाही. पण फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे व घसा जळतो आणि आमची विहीर खोलीपासून वीस पावलांवर आहे, म्हणून ती पद्धत घेतली नाही.

पेंढा निथळत ठेवला, पण संध्याकाळ होत आली होती आणि मला बेड, म्हणजे पेंढा आणि स्पॉन भरलेल्या पिशव्या, त्याच दिवशी भरायचे होते. २० बेड झाले. प्रत्येकात साधारण एक किलो कोरडा, म्हणजे भिजून तीन किलो पेंढा आला. त्यावर शेकडा दोन या प्रमाणात ६० ग्रॅम स्पॉन चार थरांत पसरले. पिशव्यांना दाभणाने पंचवीस-तीस भोके पाडली.

येथे एक गोष्ट मी स्वतःच्या मनाने केली. पेंढा हे फारच निकस अन्न, त्यात काय असते, असा विचार करून २० पैकी ८ बेडमध्ये गव्हाचा कोंडा मिसळला आणि त्यावर गुळाचे पाणी शिंपडले. बाकीचे १२ बेड नुसत्या पेंढ्याचे ठेवले.

९ नोव्हेंबर

कोंडा-गुळाचे बेड चौथ्या दिवशीच पांढरे झाले. नुसत्या पेंढ्याच्या बेडमध्ये स्पॉनच्या दाण्यांभोवती फक्त कापसासारखे ठिपके दिसतात. मला फार समाधान वाटले आणि पुढची खेप सगळीच कोंड्याची करावी असे वहीत लिहिले. ते वाक्य मी खोडलेले नाही.

१३ नोव्हेंबर

आठही बेड हिरवे पडले. हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, सुरुवातीला पांढरीच असते आणि बीजाणू धरू लागली की हिरवी दिसते, हे मला माहीत नव्हते. चौथ्या दिवशी जे पाहून मी समाधान मानले ते बहुधा तिचेच तंतू होते. खोलीत २६ अंश असताना या बेडच्या पोटात तापमापक ३३ अंश दाखवत होता. बेड खोलीबाहेर नेऊन खड्ड्यात पुरले. ज्यांना असे बेड दिसतील त्यांनी पिशवी खोलीत उघडू नये, कारण एका झटक्यात हिरवी पूड हवेत पसरते.

सासूबाई उंबऱ्यात बसून हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, गूळ दिसला की मुंगळे लागणारच. तुझ्या अळिंबीसाठी ठेवलास, पण त्याच्यावर तिचं नाव का लिहिलंय?"

मी त्यावर रात्रभर विचार केला आणि मला वाटते की या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितली. साखर आणि पिष्ट बहुतेक बुरशांना आणि कितीतरी जिवाणूंना पचते. त्यांना ती फोडायला मोठी सामग्री लागत नाही, आणि त्यांची वाढ धिंगरीपेक्षा वेगवान असते. पेंढ्याचे तसे नाही. पेंढ्यातले सेल्युलोज लिग्निनच्या चिवट लेपात अडकलेले असते, आणि तो लेप फोडण्याची विकरे, म्हणजे आपण ज्यांना एन्झाइम म्हणतो ती, फार थोड्या सजीवांकडे असतात. लाकूड पांढरे पाडून कुजवणाऱ्या बुरशा त्यांपैकी आहेत आणि धिंगरी त्यांच्यातलीच आहे. ज्याला मी निकस अन्न समजत होते ते तिच्यासाठी कुलूप लावून राखलेले अन्न होते, आणि गूळ-कोंडा घालून मी तिच्याच ताटावर परक्यांना बसवले. मोठ्या केंद्रांत कोंडा घालतात, हे खरे. पण ते वाफेच्या दाबाखाली माध्यम पूर्ण निर्जंतुक करतात आणि बंद खोलीत स्पॉन भरतात. ८० अंशांचे पाणी आणि कौलारू गोठा यांच्या भरवशावर ते करू नये.

१४ ते २५ नोव्हेंबर, बरणीतील निरीक्षण

बेडच्या आत काय चालते ते डोळ्यांनी पाहावे म्हणून लोणच्याची काचेची बरणी उकळून घेतली, तिच्यात उकळलेल्या पेंढ्याच्या सहा काड्या आडव्या ठेवल्या आणि मधोमध स्पॉनचे चार दाणे टाकले. तोंडाला स्वच्छ कापूस लावला. मुलाच्या शाळेचे भिंग वापरले.

पहिले दोन दिवस तंतू दाण्यातच राहिले. दाण्यातले पिष्ट ही त्यांची शिदोरी होती. तिसऱ्या दिवशी ते काडीपर्यंत पोहोचले, पण काडीच्या पाठीवरून नुसते पसरत गेले. भाताच्या काडीची बाहेरची साल मेणचट असते आणि तिच्यात वाळूतली सिलिका भरलेली असते, म्हणून ती हाताला खरखरीत लागते. तंतू जेथे काडी कापलेली होती त्या टोकाला गेले आणि तेथून आत शिरले. एक काडी भरताना माझ्या बोटांनी चिरडली गेली होती. तिच्यात ते अंगभर एकदम शिरले. अख्ख्या काड्यांच्या पेरांशी मात्र ते दोन-दोन दिवस अडले.

नवव्या दिवशी चिरडलेली काडी चिमट्याने बाहेर काढली. सोनेरी रंग जाऊन ती फिकट, जवळजवळ पांढरी झाली होती, आणि दोन बोटांत धरताच भिजल्या कागदासारखी फाटली. शेजारच्या अख्ख्या काडीला मात्र वाकवले तर ती अजून परत सरळ होत होती.

यावरून वीतभर तुकडे ठेवणे ही माझी चूक होती हे कळले. तंतूंना शिरायला दारे हवीत, आणि जितके काप तितकी दारे. कुट्टी यंत्रावर दीड-दोन इंचांचे तुकडे करणे आणि त्याआधी पेंढा पायाखाली तुडवणे हे दोन्ही पुढच्या खेपेला करायचे.

२१ नोव्हेंबर

राहिलेल्या १२ बेडपैकी ५ तळाशी काळपट झाले असून त्यांना आंबूस, नासक्या ताकासारखा वास येतो. वरचा भाग पांढरा आणि निरोगी आहे. पिशवीच्या तळाशी करंगळीभर पाणी साचलेले दिसते. घाईने न निथळता भरल्याचा हा परिणाम आहे.

अन्न विरघळून तंतूंत जायचे तर ओलावा पाहिजेच. कोरड्या पेंढ्यावर धिंगरी उपाशी राहते. पण लिग्निन फोडण्याच्या कामाला प्राणवायूही लागतो, आणि काड्यांमधली जागा पाण्याने भरली की तो तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे फावते. पेंढ्यातला ओलावा शेकडा ६५ ते ७० असावा असे सांगतात. आमच्याकडे मोजायचे यंत्र नाही, म्हणून मूठ हेच माप. मूठभर पेंढा जोर लावून पिळला असता थेंब पडू नये, पण तळहात ओला झाला पाहिजे. त्या दिवशी माझ्या मुठीतून धार लागत होती आणि मी तिकडे दुर्लक्ष केले.

३० नोव्हेंबर

उरलेल्या ७ बेडपैकी ३ मध्ये वाढ अर्ध्यावर थांबली आहे. हे तिन्ही गंजीच्या माथ्यावरच्या पेंढ्याचे आहेत, जो पावसाळाभर भिजलेला आणि राखाडी पडलेला होता. त्यावर आधीच इतर बुरशा जेवून गेल्या होत्या. गरम पाण्याने त्या मेल्या असतील, पण त्यांनी खाल्लेले अन्न काही परत येत नाही. पेंढा सोनेरी असावा, कडक वाजावा आणि त्याला कुबट वास नसावा, एवढी पारख पुरेशी आहे.

पहिल्या खेपेचा हिशेब : २० पैकी ४ बेड नीट भरले आणि त्यांतून एकूण २ किलो ३०० ग्रॅम अळिंबी मिळाली (ही बेरीज डिसेंबरअखेर लिहिली). वाया गेलेले सामान सुमारे ४०० रुपयांचे आणि गेलेले दिवस २६.

५ आणि ६ डिसेंबर, दुसरी खेप

नवा इंद्रायणीचा पेंढा, झोडणीनंतर आठ दिवस उन्हात वाळलेला. भाऊजींनी त्यावरून दोनदा ट्रॅक्टर फिरवला आणि नंतर कुट्टी केली. भिजवणे व गरम पाणी पूर्वीप्रमाणेच. फक्त निथळण्यासाठी पेंढा बाजेवर जाळी अंथरून तिच्यावर सहा तास ठेवला आणि तीनदा मूठ पिळून पाहिली. सकाळी भरायचे बेड दुपारी भरले. पुन्हा २० बेड, नुसता पेंढा, वरून काहीही नाही. स्पॉनचा दर मात्र शेकडा तीन केला, कारण जितक्या जागांवरून तंतू निघतील तितका पेंढा लवकर व्यापला जाईल आणि परक्यांना मोकळी जागा कमी मिळेल. नवे स्पॉन २ किलो, २४० रुपये.

१७ डिसेंबर

दोन बेडमध्ये नाण्याएवढा हिरवा डाग दिसला. पूर्वी मी लगेच बाहेर काढले असते; या वेळी ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवून पाहिले. एकात धिंगरीने डागाभोवती तांबूस रेघ ओढल्यासारखी कड धरली आणि त्या कडेवर पिवळसर पाण्याचे थेंब आले. डाग तेथेच थांबला. दुसऱ्यात हिरवी बुरशी पुढे सरकली, तो बेड पुरला.

शेजारचे काका खोली पाहायला आले होते. त्यांनी विचारले, "खत कोणतं घालता? थोडा युरिया मारून बघा की." मी त्यांना नाही का म्हटले ते येथे लिहिते, कारण हा प्रश्न मला चौथ्यांदा आला. पेंढ्यात नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते आणि धिंगरी त्यावर जगायला शिकलेली आहे. लाकडात तर ते याहूनही कमी, म्हणून या जातीने नत्र मिळवण्याचा एक विलक्षण मार्ग काढला आहे : १९८४ साली कॅनडातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की धिंगरीचे तंतू सूक्ष्म सूत्रकृमींना विषारी थेंबांनी लुळे करतात आणि मग त्यांच्या शरीरात शिरून त्यांना पचवतात. अशा काटकसरी जिवाला युरिया दिला तर त्यातून सुटणारा अमोनिया तिला सोसत नाही, आणि शाईसारखी काळी होऊन गळणारी रानछत्री मात्र त्यावर पोसली जाते.

२८ डिसेंबर

थंडीमुळे बेड भरायला २२ दिवस लागले. रात्री खोलीत १४ अंशांपर्यंत उतरत होते. आज १९ बेडच्या पिशव्या कापून काढल्या. गेल्या खेपेत एक बेड मी पिवळे चट्टे शिल्लक असताना उघडला होता आणि तो सुकून गेला, म्हणून या वेळी पेंढा सगळीकडून पांढरा होऊन वीट उचलावी तसा अखंड उचलता येईपर्यंत थांबले. दिवसातून तीनदा जमिनीवर व गोणपाटावर पाणी, बेडवर फक्त धुके.

२ जानेवारी २०२४

टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर भरपूर आले, पण त्यांचे देठ बोटभर लांब आणि टोप्या चार आण्याच्या नाण्यापेक्षा लहान राहिल्या. ओलावा टिकावा म्हणून मी खिडकी आणि दार दोन्ही गोणपाटाने बंद केले होते. पेंढा खाताना बुरशी आपल्यासारखाच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते; १९ बेडचा तो श्वास दहा बाय बाराच्या खोलीत कोंडला. खिडकीचे गोणपाट काढून जाळी लावली, आणि पहाटे व संध्याकाळी अर्धा-अर्धा तास दार उघडे ठेवू लागले. चार दिवसांनी आलेल्या घोसांच्या टोप्या तळहाताएवढ्या होत्या. आधीचे घोस विकता आले नाहीत, घरीच भाजीला वापरले.

टोपी स्वतः काहीच खात नाही, हे मला आता पटले आहे. तिच्यावर पाणी मारून ती पोसत नाही, नुसती पिवळी पडून लिबलिबीत होते. तिच्यात जे भरते ते सारे पेंढ्यातल्या तंतूंनी मागच्या बावीस दिवसांत मिळवून साठवलेले असते.

८ जानेवारी, पहिली काढणी

८ किलो ९०० ग्रॅम. २०० रुपये किलोने दोन खाणावळींना व शेजारी दिली. टोपीची कड वर वळायच्या आत काढावी. एक घोस उशिरा काढला तर खोलीत बीजाणूंचा पांढरा धुरळा उठला आणि सासूबाईंना दोन दिवस खोकला झाला. तेव्हापासून खोलीत तोंडाला कापड बांधूनच जातो.

त्या दिवशी भाजी खाताना त्यांनी माहेरच्या आषाढातल्या वारुळाच्या अळंबीची आठवण काढली. "तिची सर हिला नाही," असे त्या म्हणाल्या, आणि चवीच्या बाबतीत ते खरे आहे. ती अळंबी वाळवीने पाळलेली असते. वाळवी वाळका पाला आणि लाकूड वारुळात नेते, त्याचे मधाच्या पोळ्यासारखे गोळे रचते आणि त्यावर ती बुरशी वाढवते; बुरशी ते मऊ करून देते आणि मग वाळवी ते खाते. पेंढा तुडवून, भिजवून आम्ही जे करतो तेच काम ती कितीतरी लाख वर्षे करीत आली आहे, आणि तिची अळंबी खोलीत लावायला अजून कोणाला सहजासहजी जमत नाही.

२१ जानेवारी आणि ५ फेब्रुवारी

दुसरी काढणी ४ किलो ६०० ग्रॅम, तिसरी २ किलो १०० ग्रॅम. मध्यंतरी चिलटे झाली. त्यांच्या अळ्या तंतू कुरतडतात. खिडकीची जाळी बारीक केली व पिवळे चिकट कागद टांगले, ३० रुपये.

तीन काढण्यांची बेरीज १५ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे किलोभर कोरड्या पेंढ्यामागे सुमारे ८०० ग्रॅम ओली अळिंबी. चांगले शेतकरी किलोमागे किलोच्या पुढे जातात.

१८ फेब्रुवारी, काय कुठे गेले

बेड क्रमांक ७ मी सुरुवातीपासून वेगळा ठेवला होता. त्यात कोरडा पेंढा बरोबर १ किलो होता. त्याच्यातून ८४० ग्रॅम ताजी अळिंबी निघाली. ती सगळी न विकता उन्हात वाळवली, तर ८० ग्रॅम भरली. उरलेला बेड फोडून आठवडाभर कडक वाळवला, तो ५६० ग्रॅम भरला. स्पॉनच्या दाण्यांचे वजन बाजूला ठेवले, तरी साडेतीनशे ग्रॅमहून अधिक पेंढा ना अळिंबीत आहे ना बेडमध्ये. तो तिने श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून हवेत सोडला. लिग्निन फोडायला, तंतू पुढे ढकलायला आणि टोप्या उभारायला जी शक्ती लागली ती तेथून आली. जानेवारीत खोलीत कोंडलेला तो श्वास म्हणजे हाच पेंढा होता.

नत्राचा हिशेब मी अंदाजानेच केला. किलोभर पेंढ्यात पाच-सहा ग्रॅम नत्र, आणि वाळलेल्या अळिंबीत प्रथिनांच्या रूपाने शेकडा चारच्या आसपास, म्हणजे ८० ग्रॅममध्ये तीन ग्रॅमच्या वर. पेंढ्यात विखुरलेल्या नत्राचा एवढा मोठा वाटा तिने तीन काढण्यांत टोप्यांमध्ये गोळा केला. तिसऱ्या काढणीचे घोस लहान का होते, याचे एक कारण मला यात दिसते.

२४ फेब्रुवारी

निघालेल्या पेंढ्यातून दोन बेड पुन्हा उकळून, नवे स्पॉन घालून भरले होते. पंधरा दिवसांत तंतू चार बोटे गेले आणि थांबले. हा प्रयोग करू नये. ६० रुपयांचे स्पॉन गेले. बाकीचा सगळा पेंढा गांडूळखताच्या खड्ड्यात टाकला आहे. ताजा पेंढा त्या खड्ड्यात महिनोन्‌महिने तसाच पडून राहायचा. हा मऊ झालेला असल्याने दहा दिवसांतच गांडुळे त्याच्या वरच्या थरापर्यंत आली आहेत.

दुसऱ्या खेपेचा खर्च स्पॉन, पिशव्या, जाळी, कुट्टीचे डिझेल आणि चिकट कागद धरून ७२० रुपये झाला. विक्री १३ किलोची, २,६०० रुपये. बाकी अळिंबी घरी, वाळवणात व शेजारी गेली. मजुरी धरलेली नाही. उन्हाळ्यात कौलांखाली ३८ अंशांच्या वर जाते, म्हणून आता नोव्हेंबरपर्यंत बेड भरणार नाही. पुढच्या खेपेचा ४० किलो पेंढा माळ्यावर चढवून ताडपत्रीने झाकला आहे, आणि पावसाळ्यात कौलांची गळती त्यावर पडणार नाही अशी जागा भाऊजींनी पाणी ओतून तपासून घेतली आहे.